सिनेमा संथ होता की आपल्याला काही खुपलं? धंदा सोडण्याच्या गोष्टीवरचं भांडण सोप्या भाषेत

ठाण्यात नौपाड्यातल्या एका लहानशा हॉलमध्ये आम्ही काही जण अधूनमधून चित्रपट दाखवतो. अलीकडे दाखवलेला चित्रपट युरोपातला होता, स्वतंत्र आणि अगदी कमी पैशांत केलेला. त्याचं नाव घेत नाही, कारण बोलायचंय ते त्या एका चित्रपटाबद्दल नव्हे, त्यावरून जुंपलेल्या भांडणाबद्दल. तिशी ओलांडलेली एक बाई देहविक्रीचा धंदा सोडायचं ठरवते. पुढचा दीड तास आपण तिला खोली शोधताना, काम शोधताना, जुन्या ओळखीच्या माणसाचे फोन कापताना बघत बसतो. पार्श्वसंगीत नाही, मदतीला धावणारं कोणी नाही. ती टिकली की परत गेली, हेही शेवटी कळत नाही.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, “एवढा वेळ बसून मिळालं काय?” मास मीडिया शिकणाऱ्या एका मुलाला तो इतक्यात पाहिलेला सगळ्यात प्रामाणिक सिनेमा वाटला. घोडबंदरहून आलेल्या एका बाई मध्यंतरातच निघून गेल्या आणि रात्री ग्रुपवर त्यांचा निरोप आला, “सॉरी, झेपलं नाही.” आणि वाशीहून आलेली एक ताई, जी या क्षेत्रातल्या एका संस्थेत बरीच वर्षं काम करते, एवढंच म्हणाली, “खरं आहे, पण अर्धंच.”

कलात्मक विरुद्ध करमणूक हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि हे भांडणही त्याच खात्यात टाकणं सोपं आहे. माझ्या मते इथे तीन वेगळी भांडणं एकात एक गुंतलेली आहेत. यात कायद्याने आणि नीतीने चूक काय, हे एक. धंदा सोडायला प्रत्यक्षात काय लागतं, हे दुसरं. आणि दुसऱ्याचं दुःख पडद्यावर बघताना आपल्याला काय हवं असतं, हे तिसरं. या तिन्हींची उत्तरं आपण मनात घेऊनच हॉलमध्ये शिरतो, आणि बाहेर पडताना म्हणतो, “जरा संथ होता.”

कायदा नेमकं काय म्हणतो

चर्चेत पहिला प्रश्न आला तो असा: “पण हे बेकायदेशीरच आहे ना? मग पोलीस कुठे होते?” चित्रपट दुसऱ्या देशात घडतो हे क्षणभर सगळेच विसरले होते. बरंच झालं, कारण प्रश्न खरा इथलाच होता. वर्तमानपत्राच्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर एक बातमी ठरलेली असते: बोगस ग्राहक पाठवून लॉजवर किंवा स्पावर छापा, दलाल अटकेत, इतक्या महिलांची सुटका, सुधारगृहात रवानगी. बातमी तिथे संपते. पुढे त्या बाईचं काय होतं, ती कुठे राहते, कशावर जगते, हे कोणी छापत नाही. आमचा चित्रपट नेमका त्या न छापलेल्या भागाबद्दल होता.

आपल्याकडचा मुख्य कायदा १९५६ चा. आज त्याचं नाव अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम. पोलीस आणि पत्रकार त्याला ‘पिटा’ म्हणतात. कुंटणखाना चालवणं किंवा त्यासाठी जागा देणं हा गुन्हा. दुसऱ्याच्या देहविक्रीच्या कमाईवर सज्ञान माणसाने जगणं हा गुन्हा. एखाद्या व्यक्तीला त्यात आणणं, डांबून ठेवणं हे गुन्हे. देवस्थान, शाळा, रुग्णालय अशा ठिकाणांपासून २०० मीटरच्या आत हा व्यवहार करणं गुन्हा, आणि उघड्यावर गिऱ्हाईक बोलावणं हाही गुन्हा. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने, खाजगीत, पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं मात्र या यादीत नाही. म्हणजे त्या कामाला कायदा थेट गुन्हा म्हणत नाही, पण ते करायला जे जे लागतं त्यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीला म्हणतो. कमाईवर जगण्याचं कलम कुठवर पोचतं बघा: आईच्या पैशांवर कॉलेजात जाणारा मुलगा अठरा वर्षांचा झाला की कलमाच्या शब्दांत तोही बसू शकतो.

अल्पवयीन मुलीबद्दल आणि फसवून किंवा विकून आणलेल्या कोणाहीबद्दल यात दुमत नाही. तिथे संमती हा प्रश्नच उद्भवत नाही आणि शिक्षा जबर आहेत. वाद आहे तो सज्ञान बाईचा.

छाप्यात सापडलेल्या बाईला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करतात. तिला संरक्षणाची गरज आहे असं चौकशीत वाटलं तर तिला १ ते ३ वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देता येतो. म्हणजे कोणताही गुन्हा न करता तिला एका इमारतीत राहावं लागतं, आणि तेही तिच्या भल्यासाठी. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. मुंबईतल्या एका कारवाईत ताब्यात घेतलेल्या तीन सज्ञान तरुणींना सुधारगृहात ठेवण्याचा आदेश झाला होता. न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी तो रद्द केला. या कायद्यात देहविक्री हा मुळात गुन्हा नाही, आणि सज्ञान बाईला आपलं काम निवडण्याचा, हवं तिथे राहण्याचा हक्क आहे, असं निकालात स्पष्ट म्हटलं.

१९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी काही निर्देश दिले. या बायकांशी पोलिसांनी सन्मानाने वागावं, प्रसारमाध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये, संरक्षणगृहांची पाहणी करून मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांची प्रकरणं मुदतीत निकाली काढावीत. आणि आधार कार्ड मिळण्याची सोय व्हावी: राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या राजपत्रित अधिकाऱ्याच्या किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकाच्या प्रमाणपत्रावर ते मिळावं, आणि कार्डावरून धंद्याचा सुगावा लागू नये. आधारचा हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे सगळं सांगून झाल्यावर काका म्हणाले, “म्हणजे पोलिसांनी सोडवून आणलं तर ते सोडणं नव्हे?” नेमका तोच प्रश्न आहे. कोणीतरी सोडवून आणणं आणि आपण होऊन सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपले बहुतेक व्यावसायिक चित्रपट पहिलीबद्दल असतात, कारण तिथे छापा असतो, पळापळ असते, नायक असतो. दुसरीत फॉर्म भरणं असतं.

काम की हिंसा

जगभर या विषयावर दोन तट आहेत. एक म्हणतो, देहविक्री ही बाईवरची हिंसाच आहे; ती विकत घेणाऱ्याला शिक्षा करा, बाईला नको. स्वीडनने १९९९ पासून हा मार्ग धरला, फ्रान्सने २०१६ मध्ये. दुसरा तट म्हणतो, हे काम आहे, त्याला कामाचे हक्क आणि संरक्षण द्या. गुन्ह्याचा शिक्का पुसला तरच दलालाचा जाच कमी होईल. न्यूझीलंडने २००३ मध्ये हा रस्ता घेतला.

महाराष्ट्रात वाद इतका पुस्तकी नाही, कारण दोन्ही बाजूंना प्रत्यक्ष काम करणारी माणसं आहेत. सांगलीत १९९० च्या दशकात ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. धंदा करणाऱ्या बायकांची ती स्वतःची संघटना आहे, आणि आम्हाला वाचवायला येणाऱ्यांपासूनच आम्हाला वाचवा, असं त्या ठणकावून सांगतात. इकडे मुंबईत ‘प्रेरणा’ या संस्थेने १९८८ मध्ये कामाठीपुऱ्यात रात्रीचं पाळणाघर सुरू केलं. आई कामावर असते त्या वेळेत मुलं सुरक्षित राहावीत, जेवावीत, शिकावीत आणि पुढची पिढी या धंद्यात ओढली जाऊ नये, असा त्यामागचा विचार. पुढे नवी मुंबईत तुर्भ्यातही त्यांचं असं केंद्र झालं. या दोन संस्थांच्या भूमिका एक नाहीत. तरी धंदा सोडणं म्हणजे एका दिवसात दार लावून निघणं, असं दोघींतलं कोणीच म्हणणार नाही.

आता या दोन तटांतली माणसं एकाच हॉलमध्ये बसवा. बाई परत त्या गल्लीकडे वळते असा इशारा पडद्यावर दिसला की पहिल्याला वाटतं, दिग्दर्शकाने हार मानली. दुसऱ्याला वाटतं, दिग्दर्शक तिची कीव करतोय, जणू ती काही चिखलात परत चाललीये. दृश्य एकच, आणि चिडतात दोघंही! तिसरा, ज्याने या विषयावर कधी विचारच केलेला नाही, त्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला फक्त शेवट नसलेला सिनेमा दिसतो.

सोडण्याचा हिशेब

या सगळ्यातला सगळ्यात कमी बोलला जाणारा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हा. चर्चेत एका तरुणीने विचारलं, “तिला काम मिळालं होतं ना? मग अडचण काय होती?” तिचा प्रश्न खोचक नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. मग मी फळ्यावर हिशेब मांडला. आकडे निव्वळ समजण्यापुरते धरलेले.

समजा, तुर्भे एमआयडीसीत ठेकेदाराकडे पॅकिंगचं काम मिळालं, महिना १३,००० रुपये. दिवा स्टेशनजवळ एक खोली, भाडं ५,०००. गावाकडे आईला ३,०००. घरवालीकडून, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईकडून, किंवा सावकाराकडून कधीतरी आजारपणात घेतलेली उचल, तिच्या हप्त्याचे २,०००. उरले ३,०००. त्यात तिचं आणि तिच्या मुलाचं जेवण, गॅस, शाळेचा खर्च, दिवा ते ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बरने तुर्भे. मूल तापाने फणफणलं की हा हिशेब त्याच दिवशी कोसळतो. शिवाय पहिला पगार हातात पडेपर्यंत महिना-दीड महिना जाणार, आणि डिपॉझिट मात्र राहायला जायच्या आधी लागणार.

धंद्यात पैसा जास्त मिळतो असं लोक सरसकट बोलतात, ते अर्धवट आहे. हातात काय उरतं हे ती कोणत्या व्यवस्थेत आहे यावर ठरतं. ‘अधिया’ म्हणजे निम्मी कमाई घरवालीची. त्यात जागेचं भाडं, वीज, पोरांना सांभाळणारीचे पैसे, हप्ते आणखी जातात. तरीही धंद्याच्या पैशाला एक गुण आहे जो पगाराला नाही: तो रोज येतो. ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याला महिन्याच्या पगारापेक्षा रोजची कमाई जास्त भरवशाची वाटते. घरकाम करणाऱ्या मावशींना किंवा नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला विचारा, ते हेच सांगतील.

मग कागद. दिवा, कळवा, कोपरखैरणे, कुठेही खोली घ्या. अकरा महिन्यांचा करार, आधार, फोटो आणि भाडेकरूची पोलिसांकडे नोंद. सोसायटी असेल तर मालकाची परवानगी पुरत नाही, कमिटीची नजर असते. “मिस्टर काय करतात?” हा प्रश्न तर फुकटातच येतो. आधीचा पत्ता काय सांगायचा? भिवंडीच्या हनुमान टेकडीचा, म्हणजे धंद्याच्या वस्तीचा, सांगितला तर खोली मिळणार नाही. दुसरा सांगितला तर पुरावा नाही. २०२२ च्या निर्देशांत आधारला इतकं महत्त्व का, ते इथे कळतं. बँक खातं, रेशन, मुलाचा प्रवेश, नोकरी, सगळ्या दारांवर तेच कुलूप आहे.

करोनाच्या काळात हे फार उघडं पडलं. धंदा एका रात्रीत बंद झाला आणि रेशन घ्यायला कागद नव्हते. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ओळखपत्राचा आग्रह न धरता या बायकांना शिधा द्या. महाराष्ट्र सरकारने त्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी महिना ५,००० रुपये आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर आणखी २,५०० रुपयांची मदत जाहीर केली. धंदा बंद पडल्यामुळे जर बायका आपोआप बाहेर पडणार असत्या, तर तेव्हाच पडल्या असत्या.

आणि शेवटी पुनर्वसन. इथे थोडं तिरकस बोलू द्या. या देशात अडचणीत सापडलेल्या कुठल्याही बाईला आपण शिलाई मशीन देतो. विधवा असो, पूरग्रस्त असो, धंद्यातून बाहेर पडलेली असो, योजना आखणाऱ्याला मशीनच आठवतं. नाहीतर ब्यूटी पार्लरचा कोर्स, नाहीतर पापड-लोणची. मशीन वाईट नाही. पण ब्लाऊज शिवायला टाकणारी गिऱ्हाइकं ओळखीतून येतात, आणि या बाईची अडचणच ही की जी ओळख आहे ती सांगता येत नाही आणि जी सांगता येईल ती अजून तयार नाही. सरकारची ‘उज्ज्वला’ योजना २००७ मध्ये आली, नंतर ती ‘शक्ती सदन’मध्ये मिसळली. (ही गॅस सिलिंडरवाली नव्हे, नाव सारखं असल्याने गोंधळ होतो.) त्यात निवारा आहे, समुपदेशन आहे, प्रशिक्षण आहे. निवाऱ्यातून बाहेर पडल्यावरचे पहिले सहा महिने हा खरा कस.

चित्रपटांना हे नवं नाही. जपानी दिग्दर्शक केन्जी मिझोगुची यांचा ‘स्ट्रीट ऑफ शेम’ १९५६ च्या मार्चमध्ये आला, तेव्हा तिथल्या संसदेत देहविक्रीबंदीचा कायदा चर्चेत होता आणि दोनच महिन्यांत तो मंजूर झाला. आपलाही कायदा त्याच वर्षीचा. त्या चित्रपटातली एक बाई लग्न करून बाहेर पडते आणि काही दिवसांनी परत येते. नवऱ्याला बायको नको होती, बिनपगारी कामगार हवी होती. राबवून घेणं थांबलं नव्हतं आणि हातात पैसा मात्र येईनासा झाला होता. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या दिग्दर्शकाने हिशेब बरोबर मांडला होता.

दुःख बघून आपल्याला काय मिळतं

काकांचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. “मिळालं काय?” हा भारतीय साहित्यशास्त्रातला जुना आणि गंभीर प्रश्न आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण हा रस आहे आणि त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, शोक. शोक तर कोणाला नको असतो, मग करुण नाटक बघायला माणसं पैसे देऊन का जातात? मराठीत यावर भरपूर शाई सांडली आहे. न. चिं. केळकरांनी त्याला ‘सविकल्प समाधी’ असं उत्तर दिलं. वाचक किंवा प्रेक्षक दुसऱ्याच्या अनुभवाशी तद्रूप होतो, पण आपण आपणच आहोत हे भानही सुटत नाही. त्या दुहेरी अवस्थेत आनंद आहे. नुसतं तद्रूप झालो तर ते दुःखच, नुसतं भान राहिलं तर कंटाळा.

आमच्या हॉलमधली माणसं या मापाने बघितली की सगळं सुटं होतं. मध्यंतरात उठून गेलेल्या बाईंचं भान सुटलं, त्या पूर्ण आत ओढल्या गेल्या आणि ते सहन झालं नाही. काकांचं उलट झालं. त्यांना आत शिरताच आलं नाही, सगळा वेळ ते खुर्चीतच होते, गुडघे दुखत होते. विद्यार्थ्याला दोन्ही साधलं. यात कोणाची अभिरुची वरची आणि कोणाची खालची, असं मला वाटत नाही.

आत शिरण्याच्या नेहमीच्या पायऱ्या असे चित्रपट मुद्दाम काढून टाकतात. संगीत नाही, कारण संगीत कधी रडायचं ते सांगतं. बाईच्या लहानपणाची करुण कहाणी नाही, कारण तिच्यावर दया यायला कारण लागू नये असं दिग्दर्शकाला वाटतं. न कापलेली लांब दृश्यं, म्हणजे वेळ तिच्याइतकाच आपल्यालाही जाणवावा. यामागे एक नैतिक भूमिका आहे, आणि खरं सांगायचं तर थोडी काटकसरही. एकाच खोलीत, खिडकीच्या उजेडात, चार माणसांच्या युनिटने चित्रीकरण केलं की खर्च आटोक्यात राहतो. पुढे अशा चित्रपटाला प्रौढांसाठीचं ‘ए’ प्रमाणपत्र मिळालं तर तो तसाच्या तसा टीव्हीवर दाखवता येत नाही, म्हणजे वाहिन्यांकडून मिळू शकणारे पैसेही गेले. उरतात महोत्सव, एखादं ओटीटी आणि आमच्यासारखे प्रोजेक्टरवाले.

एक गोष्ट मात्र अशा चित्रपटांच्या बाजूने ठामपणे सांगतो. कॅमेरा त्या बाईकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने बघतो का, हे तपासायला हवं, आणि चांगले स्वतंत्र चित्रपट इथे फार सावध असतात. आमच्या चित्रपटात धंद्याचं एकही दृश्य नव्हतं. व्यावसायिक चित्रपट तिच्या दुःखाबद्दल बोलता बोलता तिच्या अंगावरून कॅमेरा फिरवून घेतात, आणि वर एक झगमगीत गाणंही.

ताईचं ‘अर्धंच’

उदासपणा मला चालतो, पण त्याचा हिशेब लागला पाहिजे. बाई हरत असेल तर कशाने हरते ते दाखवा: डिपॉझिटने, आजारपणाने, पत्त्याच्या रकान्याने, की एकटेपणाने. ते दाखवणारा चित्रपट कितीही काळा असला तरी मला तो उजेडातला वाटतो. याउलट काही दिग्दर्शक उदासपणा हवामानासारखा वापरतात. सतत ढग, सतत पाऊस, बाई खिडकीत. का, ते विचारायचं नाही. असा चित्रपट बघून बाहेर पडताना आपण हळवे होतो, पण शहाणे होत नाही. आम्ही दाखवलेला चित्रपट बहुतेक वेळ पहिल्या जातीचा होता. एका सरकारी खिडकीवर ती फॉर्मचा एक रकाना कोरा सोडते आणि कारकून तो फॉर्म परत सरकवतो. या एका प्रसंगासाठी मी तो पुन्हा दाखवीन.

पण ताईचं म्हणणं पटलं. ती म्हणाली, “त्या बाईला एकही मैत्रीण नाही, हे मला खोटं वाटलं. आमच्याकडे बाई निघते तेव्हा निम्मं डिपॉझिट मैत्रिणीच भिशीतून काढून देतात. पोरगं आठ-आठ दिवस सांभाळतात. परत आली तर शिव्या घालतात आणि जेवायलाही घालतात.” यावर कोणाला काही बोलता आलं नाही. माणसाला रिकाम्या चौकटीत एकटं उभं करणं ही युरोपीय कलात्मक चित्रपटाची सवय आहे; ती तिकडच्या शहरी जगण्यातून आलेली असेल, दिसायलाही सुंदर असते. आपण ते बघतो आणि नकळत मानून चालतो की धंद्यातली बाई अशीच एकटी असते. सांगलीतल्या बायकांनी संघटना बांधली ती असल्या एकटेपणातून बांधता आली नसती. सोडण्यातलं एक मोठं नुकसान हेच की जी माणसं खरं ओळखतात, सांभाळून घेतात, ती सगळी त्याच गल्लीत राहतात. नव्या खोलीत शेजारीण चांगली असली तरी तिला काही सांगता येत नाही. चित्रपटात मैत्रिणी असत्या तर त्या सुटल्याचं दुःखही दिसलं असतं, आणि तो आणखी उदास झाला असता, पण योग्य कारणाने.

सभा उठताना एकाने उत्साहाने सुचवलं की पुढच्या वेळी “अशा एखाद्या बाईंनाच” बोलवू, अनुभव सांगायला. ताईने तिथल्या तिथे नकार दिला. ज्या ओळखीपासून लांब जायला ती धडपडतेय, त्याच ओळखीने तिला ठाण्याच्या हॉलमध्ये खुर्ची द्यायची, हे ताईला मान्य नव्हतं. त्याऐवजी तिने सांगितलं की सांगलीच्या बायकांनी स्वतःच्या आयुष्यावर नाटक केलंय, त्यात घरवाली, मालक, पोरं सगळी आहेत आणि भूमिकाही त्याच करतात. त्यांना बोलवायचं असेल तर प्रयोग म्हणून बोलवा, मानधन द्या, येण्या-जाण्याचा आणि राहण्याचा खर्च द्या. काकांनी लगेच विचारलं, नाटक मराठीत आहे ना? सबटायटल नसतील तर मी नक्की येतो, म्हणाले. खर्चाचा अंदाज काढायचं काम त्यांच्याकडेच दिलंय.